पुढच्या दातानं काही तोडू नका

“अजून वाका. अजून जरा. आता उखळात बघा आणि हसा,” फोटोग्राफर म्हणाला, आणि मी वाकून हसले.

तेवढ्यात मुसळ वर आलं.

आमच्या बार्शीकडं लग्नाच्या आदल्या दिवशी घाणा भरतात. उखळात हळकुंडं घालायची, मुसळाला आंब्याची डहाळी बांधायची आणि सवाष्णींनी गाणं म्हणत म्हणत ती कुटायची. मुसळाला एकदम तिघीचौघींचे हात लागतात, त्यामुळं ते कुणाच्याच ताब्यात नसतं. त्या दिवशी वरचे दोन हात माझ्या बबीआत्याचे होते. आत्याच्या अंगात एकदा गाणं शिरलं की तिला मागचं पुढचं दिसत नाही. मुसळ खाली गेलं तेव्हा मी नव्हते, वर आलं तेव्हा मी होते. उखळात डोकं घातलं की मुसळाला भिऊन चालत नाही म्हणतात, पण निदान ते कुणाच्या हातात आहे हे बघावं.

दातावर बसलेला घाव कानाच्या आतून ऐकू येतो. मी जीभ फिरवली. वरचा पुढचा डावा दात तिरका अर्धा गेला होता.

“आत्या, थांब. माझा दात उखळात पडला.”

गाणं थांबलं. आत्यानं उखळात हात घातला, पिवळा चुरा चाळला, आणि हात तसाच वर काढून म्हणाली, “कुटला गं बाई.”

म्हणजे तो तुकडा परत चिकटवायचीही सोय उरली नाही. त्या संध्याकाळी दोन्हीकडच्या अंगाला तीच हळद लागली. माझ्या दाताचा थोडा अंश नवरदेवाच्या गालालाही लागला असणार, पण ते फार पुढं, कुणाला सांगता येण्यासारखं झालं तेव्हा सांगितलं.

आता यातली खरी गंमत सांगते. मी तेव्हा पुण्यात दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होते, आणि माझा प्रबंधच मुळी दातात भरलेलं सिमेंट दाताला किती घट्ट धरून बसतं यावर होता. उपटलेले दात गोळा करायचे, त्यांच्यावर पांढऱ्या सिमेंटचं बारकं बटण चिकटवायचं, एक अख्खा दिवस पाण्यात ठेवायचं, आणि मग मशीनला लावून ते बटण सुटेपर्यंत रेटायचं. जेवढ्या जोराला सुटलं तेवढी त्याची पकड. दोन वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं. माझ्या हातचं बटण सहसा सुटायचं नाही, आणि त्याचा मला माज होता. अशा बाईचा स्वतःचा दात लग्नाच्या आदल्या दिवशी मुसळानं उडावा, याला काय म्हणायचं.

आईनं आरसा दिला. मी हसून बघितलं आणि पुन्हा हसले नाही.

“झाकून टाकायचं,” आत्या म्हणाली. घाव तिच्या हातचा होता, त्यामुळं झाकण्याची घाईही तिलाच जास्त. “विहीणबाईंना कळता कामा नये. घाण्यात नवरीचा दात पडला म्हणल्यावर ती बाई वऱ्हाड पाठीमागं फिरवंल.”

हे उगीच नव्हतं. माझ्या होणाऱ्या सासूबाई, कोरेगावच्या नलवडेकाकू, शकुनाच्या फार कडक. साखरपुड्याला वाऱ्यानं समई विझली म्हणून त्यांनी गुरुजींना पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला लावलं होतं. गुरुजींची पुढची गाडी चुकली तरी ऐकलं नाही. आणि मला हे लग्न व्हायला हवं होतं. अभय पाटबंधाऱ्याच्या खात्यात इंजिनिअर होता. मी त्याला मोजून दोनदा भेटले होते, पण एसटीडी बूथवरून तो दर रविवारी फोन करायचा आणि मी बडबडत असताना पलीकडून शांतपणे ऐकून घ्यायचा. असा ऐकणारा माणूस मला आमच्या आख्ख्या खानदानात दिसला नव्हता. मला तो मनापासून आवडला होता, आणि एका मुसळापायी तो हातचा जायला नको होता.

“वऱ्हाड दिवे लागायच्या सुमाराला येतंय,” अण्णा म्हणाले. माझ्या वडिलांची धान्याची आडत होती. कुठल्याही संकटात ते आधी घड्याळ बघायचे. “दात कोण भरून देईल?”

रविवार होता. बाकीचे दवाखाने बंद. खेड्यातले लोक बाजाराला येतात म्हणून रविवारी उघडा असायचा तो एकच.

“वायकुळे,” आत्या म्हणाली.

“मी मरेन, पण तिथं जाणार नाही.”

“मर की. पण आधी दात लावून घे.”

डॉ. शिरीष वायकुळे मला बघायला येऊन गेले होते. अभयच्या आधी, त्याच घरात, त्याच पोह्यांवर. चांगला मुलगा, गावातच दवाखाना, आत्यानं तर मनातल्या मनात मंडपही घातला होता. मुलाला काही विचारायचंय का, असं अण्णा म्हणाले, आणि मी विचारलं, “दात भरताना तुम्ही रबर डॅम लावता का?” रबर डॅम म्हणजे रबराचा पातळ पडदा. त्यातून नेमका भरायचा दात बाहेर काढतात, म्हणजे बाकीचं तोंड मागं राहतं आणि दात कोरडा. दाताला थुंकी लागली की सिमेंट पकड घेत नाही, ही आमच्या विषयातली पहिली ओळ. तर वायकुळे पोहे खाली ठेवून म्हणाले, “बार्शीत रबर लावला की पेशंट खुर्चीवरनं उठून जातो हो.” मी हसले नाही. ते गेल्यावर अण्णांना म्हणाले, “नको.” कारण विचारल्यावर कारणही सांगितलं. मग अण्णांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की पुढच्या वेळी मी मुलाच्या चेहऱ्याकडं बघेन, तोंडात बघणार नाही.

तर त्या वायकुळ्यांच्या खुर्चीत मी मेंदीच्या हातांनी जाऊन बसले. आत्या डोक्यावरून पदर घेऊन शेजारी उभी राहिली, जणू आम्ही दरोडा घालायला आलो होतो.

वायकुळ्यांनी दात बघितला. “कशानं?”

“मुसळानं,” आत्या म्हणाली. “दैवाचा फेरा. कुणाच्या हातात होतं ते इचारू नका.”

“नस उघडी पडली नाही. चांगलं भरता येईल.” मग ते माझ्याकडं न बघता कपाटाकडं गेले. “रबर लावावा म्हणतो. चालेल ना, मॅडम?”

त्यांच्या हातात रबर डॅमचं नवंकोरं नव्हे, वापरून वापरून कोपरे चेपलेलं खोकं होतं.

“कधीपासून वापरता?”

“तुम्ही नकार कळवला, त्याच आठवड्यात मागवला,” ते म्हणाले. “आधी रागानं मागवला. मग लावून बघितला, तर सिमेंट पडायचं थांबलं. पेशंट अजूनही उठून जातात, पण अर्धे परत येतात.”

आत्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की सोन्यासारखं स्थळ सोन्यासारखं रबर घेऊन उभं आहे आणि तू बस आता.

रबर लावल्यावर माणसाला बोलता येत नाही. एवढा वेळ सलग गप्प मी जन्मात पहिल्यांदा बसले. वायकुळ्यांनी दाताला निळं ॲसिड लावलं, धुतलं, हवेनं कोरडं केलं.

“अं अं,” मी म्हणाले.

“काय?”

“अं अं अं.”

“खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत वाळवू, असंच ना? वाळवतोय. मला पण पास केलंय कॉलेजनं.”

मी डोळे मिटून घेतले. चिकटवायचा द्रव, त्यावर दिवा. मग सिमेंटचा एक थर, दिवा. दुसरा थर, दिवा. मध्येच आत्या म्हणाली, “हा निळा दिवा पोरीच्या डोक्याला लागत नाही ना?” वायकुळे म्हणाले, “लागला तर बरंच होईल.” मला हसू आलं, पण रबराच्या आत हसता येत नाही.

शेवटी त्यांनी आरसा हातात दिला. दात शेजारच्या दातासारखा होता, कडेची बारकी पारदर्शक रेघसुद्धा धरली होती. माझ्या कॉलेजातल्या कुणी एवढं बरं केलं असतं की नाही, शंका आहे. मी म्हणाले, “छान झालाय.” दुसरं काही म्हणायला हवं होतं, पण ते जिभेवर आलं नाही.

“हे बघा मॅडम, तुम्हाला मी काय सांगायचं. दिव्यानं सिमेंट लगेच घट्ट होतं, पण पक्की पकड यायला दिवस जातो. तुमच्या मशीनवरच्या दाताला दिवसभर पाण्यात आराम असतो. त्याला जीभ नसते, लग्न नसतं. दोन दिवस पुढच्या दातानं काही तोडू नका. ऊस नाही, पेरू नाही, काही नाही.”

“कोण तोडायला बसलंय,” आत्या म्हणाली.

“उद्या अक्षतांना येतोच आहे. अण्णांनी बोलावलंय.”

वऱ्हाड वेळेवर आलं. मी दारात ओठ मिटून उभी होते आणि अभय गाडीतून ओठ मिटून उतरला. तो नेहमीच असा ओठ मिटून, गंभीर हसायचा. मला त्याचं फार कौतुक होतं. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी मान खाली घातली. नवरी लाजली असं सगळ्यांना वाटलं, ते बरंच झालं.

जानवशाला अण्णांनी खास बार्शीचा बेत ठेवला होता, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पाहुण्यांना कडक भाकरी म्हणजे नवल. थोड्या वेळानं हळदीची तयारी झाली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. सासूबाई दारापर्यंत दोनदा येऊन गेल्या. “मुहूर्ताला नवरा गायब. हे काय लक्षण म्हणायचं?” त्यांनी असं म्हटल्यावर आईचा जीव खालीवर झाला. तेवढ्यात अभय आला, घामाघूम. चपलेचा अंगठा तुटला होता म्हणे, चांभार शोधत बसलो. पायात तर बूट होते, पण त्या गडबडीत कोण बघतंय.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली, हार झाले, माझा दात जागेवर होता. मी जीभ फिरवून फिरवून तिची सालं काढली होती. जेवणाची पहिली पंगत उठली, आता दोनचार खेळ झाले की निघायचं. मला वाटलं, सुटले. समोर पहिल्याच रांगेत वायकुळे बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मीही हलवली. मग त्यांनी अभयकडं बघून हलवली. मला वाटलं, भला माणूस आहे, मनात काही ठेवलं नाही.

आणि सासूबाई सुक्या खोबऱ्याची वाटी घेऊन स्टेजवर आल्या.

“आमच्यात विडा न्हाई तोडत,” त्या माईकवर म्हणाल्या. “आमच्यात खोबरं. नवरीनं पुढच्या दातांत खोबरं धरायचं आणि नवऱ्यानं दातानं तोडून न्यायचं. ज्याच्याकडं मोठा तुकडा, त्याची घरात सत्ता.” लोक हसले. त्यांनी वाटी फोडली आणि त्यातला सगळ्यात जाड तुकडा निवडला.

पहिल्या रांगेत वायकुळे उभे राहिले.

“काकू, चाकूनं अर्धवट कापून द्या की. फार कडक दिसतंय.”

“तुम्ही कोण?”

“मी... दातांचा डॉक्टर.”

“मग तुम्हाला खोबऱ्याचं काय कळतंय? बसा खाली.”

वायकुळे बसले, पण खुर्चीच्या कडेवर. त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. आत्या मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मी तुकडा हातात घेतला आणि हळूच बाजूच्या दाढेकडं सरकवला.

“पुढं, पुढं,” सासूबाई म्हणाल्या. “पान खाल्ल्यासारखं दाढंत काय धरतीस, पोरी?”

मी पुढं धरला. डाव्या दाताचा भार उजव्यावर टाकता येईल का, असा विचार करत. माझ्या प्रबंधात जोराचे किती आकडे होते, त्यातला एकही त्या घडीला आठवला नाही. मला एवढंच कळत होतं की आता हा दात सगळ्या नलवड्यांच्या देखत खोबऱ्याबरोबर जाणार, सासूबाई विचारणार हे काय, आणि घाण्याची, मुसळाची, अपशकुनाची सगळी कथा याच माईकवरून होणार.

अभय पुढं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं दुसरं टोक दातांत धरलं, अगदी अलगद, आणि तोंड न हलवता पुटपुटला, “जोरात धरू नका.”

“तुम्ही ओढू नका,” मी खोबऱ्यातून म्हणाले.

“मी ओढतच नाहीये.”

“मग मीही धरत नाहीये.”

बराच वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. मांडवातून शिट्टी आली. त्याचा कुणी मामा म्हणाला, “आता काय सकाळपर्यंत?” सासूबाईंचा धीर सुटला. “अभ्या, तोड की. नलवड्यांचं नाव घालवतोस का?”

नाव घालवायचं नाही म्हणून त्यानं डोळे मिटले, खोबऱ्यात दात रोवले आणि मान मागं घेतली.

कट्ट असा आवाज झाला.

तो आवाज मला ओळखीचा होता. मशीनवर बटण सुटतं तेव्हा अगदी असाच येतो. खोबरं सगळंच्या सगळं माझ्याच तोंडात राहिलं होतं, आणि त्याच्या त्या टोकाला एक दात उभा होता.

खांबापाशी आत्या म्हणाली, “गेला.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओंजळीत खोबरं घेतलं, तोंड मिटलं आणि ओंजळीत बघितलं. मागून धातूचं अस्तर, पुढून पांढरी चिनीमाती. हा भरलेला दात नव्हता. ही आख्खी कॅप होती. मी जीभ फिरवली. माझा दात जागच्या जागी होता.

मी मान वर केली. अभयनं रुमाल तोंडाला लावला होता, आणि रुमालाच्या वरचे डोळे मला विनवत होते.

“सगळं खोबरं सुनंकडं,” सासूबाई माईकवर जाहीर करत होत्या. “घ्या. नलवड्यांची सत्ता गेली. बरं, आता नवरदेवानं नाव घ्यायचं.”

पुढचा दात नसलेला माणूस माईकवर उखाणा कसा घेणार? मी ओंजळ मिटली. “यांना ठसका लागलाय,” मी म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याचा हात पहिल्यांदा धरला तो त्याला ओढत स्टेजमागच्या नवरीच्या खोलीत नेण्यासाठी. आमच्या मागोमाग वायकुळे धावत आले. मी दार लोटून घेतलं.

“बसा. तोंड उघडा,” मी अभयला म्हणाले.

त्यानं रुमाल काढला. वरचा पुढचा दात कानसून बारीक केलेला, कॅपखाली असतो तसा. इतके महिने झाले, मी या माणसाचं गंभीर हसू मनात धरून होते.

“कॉलेजात क्रिकेट खेळताना बॉल लागला,” तो म्हणाला. दात नसल्यामुळं प्रत्येक शब्दाला वारा सुटत होता. “मी सांगणार होतो. पण तुमच्या वडिलांनीच सांगितलं, मुलगी दात बघते, तोंड मिटून बसा.”

“अण्णांनी?”

“पोह्यांच्या आधी. बाहेर ओसरीवर.”

आडत्या माणूस. मला म्हणाले तोंडात बघू नको, त्याला म्हणाले तोंड दाखवू नको, आणि सौदा पटवला. मी त्यांच्यावर चिडणार होते, पण तेवढी सवड नव्हती.

“सिमेंट कुठून आणायचं आता?”

वायकुळ्यांनी कोटाच्या खिशातून पावडरची डबी आणि द्रवाची बाटली काढली. मग दुसऱ्या खिशातून काचेची पट्टी.

“तुम्ही लग्नाला सिमेंट घेऊन येता?”

“दोन्ही बाजूंची कामं माझीच. जेवण तरी कसं जाणार?” ते म्हणाले. “हे काल हळदीच्या आधी आले. कडक भाकरीत कॅप निघाली. म्हटलं कापूस दाबून ठेवतो, तोंड कोरडं राहू द्या. तर कापूस काढून मलाच विचारतात, मुलगी स्वभावानं कशी आहे हो? सगळी थुंकी लागली.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“म्हटलं, मला नकार दिलाय. यापेक्षा जास्त माहिती नाही.”

अभय माझ्याकडं वळला. “दोन्ही बाजूंची म्हणजे?” तो म्हणाला.

वायकुळ्यांनी जीभ चावली. आता लपवण्यात काय अर्थ होता. मी त्याच्यासमोर वाकले, ओठ वर केला आणि दात दाखवला. “काल दुपारी. घाण्याच्या मुसळानं. मला वाटलं तुमची आई वऱ्हाड परत नेईल.”

तो हसायला लागला. तोंड उघडून, पुढचा दात नसताना, मोठ्यानं. मी त्याला असा हसताना पहिल्यांदाच बघत होते, आणि ते गंभीर हसू गेलं याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

“हसू नका, दात ओला होतोय,” मी म्हणाले. कोपऱ्यात ब्युटीपार्लरवालीचं केस वाळवायचं यंत्र होतं. मी ते लावलं, दोन्ही बाजूंना कापूस ठेवला आणि गार हवेवर त्याचा दात वाळवायला सुरुवात केली. मुंडावळ्या मध्ये येत होत्या, त्या वायकुळ्यांनी धरल्या. त्यांनी काचेवर सिमेंट कालवलं, मी कॅप बसवली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

दार उघडलं. सासूबाई.

मागं आत्या होती. त्यांना अडवता अडवता ती तिथवर आली असणार. सासूबाईंनी बघितलं, मुलगा खुर्चीत आ करून, सून त्याच्या तोंडात अंगठा घालून, आणि परका माणूस मुंडावळ्या धरून.

“हे काय चाललंय?”

अंगठा सोडता येत नव्हता. सोडला असता तर सिमेंट गेलं असतं. मी तशीच उभी राहून म्हणाले, “आई, यांची कॅप पडली. आणि माझा दात काल घाण्यात तुटला, तो भरलाय. अपशकुन झाला असं वाटत असेल तर आत्ताच सांगा. पण हा दात चिकटेपर्यंत मी इथून हलणार नाही.”

आत्यानं डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी दार आतून लावलं. कडी घातली. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या, पदराआड हात नेला आणि आपली वरची आख्खी कवळी काढून माझ्यापुढं धरली.

“हिचं बी बघ जरा,” त्या बोळक्या तोंडानं म्हणाल्या. “सकाळधरनं हलतीया. सिमेंट उरलंय का?”

“आई, तुम्ही कवळी...” अभय अंगठ्याभोवतून म्हणाला.

“तू गप बस. तुझ्या बापाला बी ठावं न्हाई.”

“कवळीला सिमेंट लावत नाहीत हो,” मी म्हणाले.

“मग एवढं शिकलीस कशाला?”

वायकुळे भिंतीकडं तोंड करून हसत होते. आत्या जमिनीवर बसली होती. अपशकुनाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, निदान दातांच्या बाबतीत तरी. थोड्या वेळानं आम्ही तिघं ओळीनं बाहेर आलो, सगळे दात जागेवर, आणि अभयनं माईकवर असा काही तोंडभरून उखाणा घेतला की ते मामा शिट्टी वाजवायला उठले.

याला आता वीसेक वर्षं झाली. वायकुळ्यांनी भरलेला माझा दात अजून तसाच आहे. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एका सरांनी विचारलं, मशीनवरचे आकडे खऱ्या तोंडात टिकतात का? मी म्हणाले, खोबऱ्यावर टिकलेत. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी पास केलं. वायकुळ्यांचं पुढं पंढरपूरच्या एका शिक्षिकेशी लग्न झालं, आणि त्या लग्नाला मी खिशात काही न नेता गेले.

सासूबाई शेवटपर्यंत कवळी माझ्याकडंच दुरुस्तीला द्यायच्या, कडी लावून.

राहिली अभयची कॅप. ती मात्र अधूनमधून पडते. ते वैतागतात. “सगळ्या कोरेगावचे दात भरतेस, लोक पुण्याहून तुझ्याकडं येतात, आणि नवऱ्याची एक कॅप तुला पक्की बसवता येत नाही?” त्यांनी असं विचारलं की मी त्यांना खुर्चीत बसवते, दोन्ही बाजूंना कापूस घालते आणि तोंड उघडं ठेवायला सांगते. अलीकडं ते मोठे साहेब झालेत. घरी आले तरी फोनवर असतात, मी काही बोलायला लागले की ‘हं, हं’ करून पेपर उघडतात. खुर्चीत मात्र हलता येत नाही, बोलता येत नाही, फोन घेता येत नाही. मग मी साचलेलं सगळं सांगते. मुलीचं, माहेरचं, छताच्या गळतीचं, आणि कधीकधी काही नसतं, उगीच. ते ऐकतात, डोळ्यांनी हसतात, एसटीडी बूथच्या दिवसांत ऐकायचे तसंच.

पक्क्या सिमेंटच्या डब्यामागं माझ्याकडं आणखी एक डबी असते. तात्पुरत्या सिमेंटची. ती त्यांना अजून माहीत नाही.

शेवटी मी बजावते, “दोन दिवस पुढच्या दातानं काही तोडू नका.” ते नीट पाळतात. आणि फार दिवस कॅप पडली नाही, बोलायचं फार साचलं, की मी बार्शीहून कडक भाकरी मागवते.